जसाच्या तसा वाल

देऊळगाव राजाहून जालन्याच्या रस्त्याला लागलं की दोन्ही अंगांना शेडनेट दिसू लागतात. काही नवी, काही वाऱ्याने फाटून शिवलेली. आत मिरची, टोमॅटो, काकडी असते, पण ती बाजारात जात नाही. झाडावर पिकू देतात, बी काढतात आणि ते बी कंपनीला जातं. बद्रीनारायण बारवाले यांनी 1964 साली जालन्यात महिको काढली, तिच्या मागोमाग आणखी बियाणे कंपन्या आल्या, आणि शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातल्या देऊळगाव राजा, सिंदखेड राजा या तालुक्यांत अर्ध्या-एक एकराचे ‘सीड प्लॉट’ उभे राहिले. बारवाल्यांना 1998 मध्ये जागतिक अन्न पुरस्कार मिळाला. प्लॉटमध्ये चिमटा घेऊन दुपारभर कळ्या उघडणाऱ्या बायकांचं नाव कुठे लागलं नाही. भाजीवाल्यांच्या मळ्यांत मात्र त्यांच्या बोटांतून गेलेलं बी दूरदूरपर्यंत उगवतं.

वहिनी त्यांतल्याच एक. साठी ओलांडली, तरी सुनेला घेऊन अर्ध्या एकराचा प्लॉट सांभाळतात. भाऊजी हे त्यांचे धाकटे दीर. बुलढाण्यात हायस्कूलला विज्ञान शिकवायचे, आता निवृत्त. गच्चीवर बाग, कपाटात देशी बियांच्या पुड्या, आणि बोलायला लागले की समोरच्याचा चहा गार होतो. मी त्यांचा शेजारी. संक्रांत झाल्यावर आम्ही वहिनींकडे गेलो, तेव्हा शेडनेटच्या बाहेर तारेच्या कुंपणावर वाल चढला होता. कुठे हिरव्या शेंगा, कुठे वाळून खडखडणाऱ्या. वाद तिथे सुरू झाला. दोघांचं बोलणं जसं आठवतं तसं लिहितो. मध्ये मला जे वाटलं तेही घुसडतो.

भाऊजी : वहिनी, मला हे पटत नाही. अख्ख्या देशाला बी तुम्ही पुरवता, आणि घरच्या चार मिरच्या लावायला पाकीट विकत आणता.

वहिनी : मग काय करू? प्लॉटमधलं बी कंपनीचं. आणि ठेवून घेतलं तरी उपयोग काय? हायब्रीडचं बी धरून लावा एकदा. एक झाड कमरेएवढं होतं, दुसरं गुडघ्याएवढं. एकाची मिरची लांब, दुसऱ्याची वाकडी. दोन घराण्यांचं लग्न लावलेलं असतं ते, नातवंडं कोणावर जातील याचा नेम नाही.

भाऊजी : म्हणून तर म्हणतो, हायब्रीड सोडा. सगळं देशी लावा आणि सगळ्याचं बी घरी धरा. बिजवाई विकत आणायची वेळच येऊ नये.

वहिनी : सगळ्याचं? काकडीचंसुद्धा? इथे चारी बाजूंनी प्लॉट. मधमाशी कोणत्या काकडीवरून उठली आणि कोणत्या काकडीवर बसली, हे बघायला तुम्ही बसणार का? काकडीचं बी शुद्ध पाहिजे तर आदल्या संध्याकाळी कळी बांधायची, सकाळी हाताने पराग लावायचे, पुन्हा बांधायची. दिवसभर तेच करून आल्यावर घरच्या दोन वेलांसाठी पुन्हा तेच? मी पाकीट आणते, मला त्याची लाज नाही. वालाचं बी मात्र मी कधी विकत आणलेलं नाही.

भाऊजी : वालालाच काय सोनं लागलंय?

वहिनी : त्याला माझी गरज लागत नाही.

त्यांनी एक न उमललेली कळी खुडली आणि नखाने चिरून पुढे केली. मला काही दिसेना, भाऊजींनी चष्मा वर केला. आतल्या दोन पाकळ्या मिटून त्यांची एक होडी झालेली असते. पुंकेसर आणि स्त्रीकेसर दोन्ही त्या होडीत कोंडलेले. फूल उमलायच्या आधीच पराग सुटतात आणि जवळच असलेल्या कुक्षीला लागतात. टोमॅटोच्या प्लॉटमध्ये दुपारी कळी उघडून पुंकेसर काढायचे, दुसऱ्या दिवशी सकाळी नराचे पराग लावायचे, खूण म्हणून दोरा बांधायचा, हा जो खटाटोप बायका करतात तो वालाच्या कळीत फूल जगाला दिसण्याआधीच उरकलेला असतो. घेवडा, चवळी, वाटाणा यांचंही असंच. घरी बी धरायला शिकायचं असेल त्याने शेंगांपासून सुरुवात करावी, हे माझं मत त्या कळीपाशी पक्कं झालं. भोपळा-काकडीच्या भानगडीत पहिल्याच वर्षी पडू नये.

भाऊजी : बरं, वालाचं मान्य. पण मग माझ्या गच्चीवर तो का येत नाही? मी फाल्गुनात लावला. मांडव भरला, खाली सावली पडली, शेजारी येऊन बसायला लागले. शेंग एक नाही.

वहिनी : फाल्गुनात वाल कोणी लावतं का?

भाऊजी : खत कमी पडलं असेल म्हणून शेणखत घातलं, वर पेंड घातली.

वहिनी : म्हणजे पानं आणखी वाढली.

भाऊजींनी शाळेत दिनमानाचा धडा शिकवला असणार. वेलावर चढणारा जुना वाल हे लहान दिवसांचं पीक आहे. दिवस आखूड आणि रात्र लांब होऊ लागली की त्याला फूल सुचतं, तोवर तो नुसता चढत राहतो. त्यामुळे ज्येष्ठात लावा नाहीतर श्रावणात, फुलं दसऱ्याच्या पुढेमागेच दिसायची. लवकर लावलेल्याचा वेल अवाढव्य होतो, उशिरा लावलेल्याचा आटोपशीर राहतो, एवढाच फरक. वहिनी म्हणूनच पेरणीची धांदल संपल्यावर, श्रावणाच्या तोंडाशी लावतात. फाल्गुनात लावला तर सगळा उन्हाळा आणि पावसाळा त्याला पाणी पाजत बसायचं. भोगीच्या भाजीत वाल असतो तो काही कोणी ठरवून घातलेला नाही, पौषात शेंगांचा भर असतो म्हणून तो तिथे आला असावा.

भाऊजी : बाराही महिने येणाऱ्या जाती आहेत म्हणे. बंगळुरूच्या संस्थेच्या अर्का जय, अर्का विजय. आपल्या दापोलीचा कोकण भूषण.

वहिनी : आहेत की. बुटक्या असतात, मांडव लागत नाही, दिवस मोजत बसत नाहीत. तुमच्या गच्चीला त्याच बऱ्या.

भाऊजी : मला वेल पाहिजे. आईचा वाल पाहिजे.

इथून पुढे सूर बदलला. त्याआधी लावणीचं काय ते सांगून टाकतो, कारण वहिनींनीही ते चालता चालता दोन-चार वाक्यांत आटोपलं. काळी जमीन पाणी धरून ठेवते आणि वालाचं मूळ सडतं, म्हणून आळं उंचवट्यावर करायचं. दोन-दोन हातांवर तीन दाणे टाकायचे, जोमाचं एक रोप ठेवायचं. युरिया नको, शेंगवर्गातलं पीक आहे, मुळांवरच्या गाठींतले जिवाणू हवेतलं नत्र त्याला मिळवून देतात. आधाराला पऱ्हाटी किंवा तुराटी चालत नाही, भर आला की मोडते; बांबू, निंबाचा दांडा नाहीतर तार. वेल आपल्या एका ठरलेल्या दिशेनेच गुंडाळतो. पोरांनी हौसेने उलटा गुंडाळून ठेवला की दुसऱ्या दिवशी सुटून लोंबतो. थंडीत शेंड्यांवर काळा मावा येतो. वहिनी शेंडा खुडून साबणाच्या पाण्यात टाकतात. त्या पुढे गेल्या, आम्ही मागे.

भाऊजी : तर आईचा वाल. तिने माहेराहून आणलेला. रुंद पापडी, कडेला जांभळी रेघ, जांभळं फूल. हा वाल निदान तीन हजार वर्षांपासून आपल्या मातीत आहे. दख्खनमधल्या ताम्रपाषाणयुगीन वस्त्या खणल्या तेव्हा जळालेल्या धान्यात त्याचे दाणे निघाले. राजमा अमेरिकेतून आला, कोलंबसानंतर. वाल त्याच्या कितीतरी आधीचा. आणि तो आपण चार पिढ्यांत घालवायचा? मला तो जसाच्या तसा टिकवायचा आहे.

वहिनी : तीन हजार वर्षांत तो जसाच्या तसा राहिला का?

भाऊजी : म्हणजे?

वहिनी : सासूबाईंचा वाल मी लग्न होऊन आले तेव्हा पाहिला. शेंगेला दोर होता, दोन्ही कडांचा काढावा लागायचा. आणि शेंग यायची मार्गशीर्ष उलटल्यावर. आता ही बघा. दोर एकाच बाजूला, तोही बारीक. दिवाळीनंतर पंधरा दिवसांत भाजीपुरती शेंग हाताला लागते.

भाऊजी : म्हणजे हा आईचा वाल नाही!

वहिनी : त्यांचाच आहे. त्यांनी निवडला, मग मी निवडला.

भाऊजी : पण निवडायला तुम्हाला सांगितलं कोणी? हेच मी म्हणतो. प्लॉटमध्ये कंपनीचा ऑर्गनायझर येतो, वेगळं झाड दिसलं की उपटायला लावतो. तुम्ही तेच कुंपणावर आणलं. सगळं एकसारखं, लवकर, बाजाराला बरं.

वहिनी : उपटलं नाही तर लॉट नापास होतो, भाऊजी. नमुना जातो, तो लावून बघतात, शुद्ध निघाला तर पैसे. तिथे मला नराचं नावसुद्धा माहीत नसतं. पिशवीवर नंबर असतो. कोणता नर, कोणती मादी, कशासाठी, हे सगळं आधी ठरलेलं. मी फक्त क्रॉसिंग करते. वालाला मात्र आई-बाप मी ठरवते. तुम्ही म्हणता ठरवू नका, नुसतं ठेवा. मग मी काय कोठीची रखवालदार?

भाऊजी गप्प झाले, पण पटलं म्हणून नव्हे. मला दोघांचंही म्हणणं एका जुन्या प्रयोगाला जाऊन भिडतंय असं वाटत होतं. विल्हेल्म योहान्सेन नावाच्या डॅनिश शास्त्रज्ञाने घेवड्यावर केलेलं काम 1903 साली प्रसिद्ध झालं. ‘प्रिन्सेस’ नावाची एकच जात त्याने घेतली आणि एकेक झाड वेगळं काढून त्याचे 19 वंश केले. मग प्रत्येक वंशात मोठे दाणे वेगळे पेरले, लहान दाणे वेगळे पेरले. एका वंशातल्या मोठ्या दाण्याची संतती आणि लहान दाण्याची संतती, दोन्हींचं सरासरी वजन सारखंच आलं. पिढ्यान्‌पिढ्या मोठा दाणा निवडला तरी काही हललं नाही. मात्र एका वंशापेक्षा दुसरा वंश खरोखरच जड दाण्यांचा होता आणि तसाच राहिला. पुढे ‘जीन’ हा शब्दही याच माणसाने रूढ केला.

परसातल्या वालाला हे जसंच्या तसं लागू पडतं. स्वतःच स्वतःला फळवणाऱ्या पिकाचं ‘आईचं बी’ म्हणजे एक वाण नसतो, अनेक वंशांचा घोळका असतो. ढिगातून टपोरे दाणे वेचून बिजवाई केली असं समजणाऱ्याने फारसं काही केलेलं नसतं. दाणा टपोरा झाला तो पाण्यामुळे की वंशामुळे, हे ढिगात कळत नाही. निवडायचा तो वेल. आणि भाऊजींच्या बाजूचंही त्यातच आहे: एका वेलाचं बी धरून पुढच्या वर्षी सगळं कुंपण त्याचंच केलं, तर बाकीचे वंश त्या एका वर्षात संपले. जसाच्या तसा टिकवायचा तर प्रत्येक वेलाचं थोडं थोडं ठेवावं लागेल. तरीही ज्या वेलाला शेंगा जास्त त्याचे दाणे जास्त पडणार, जो मर लागून गेला त्याचे नाहीच. न निवडता ठेवलेलं बीसुद्धा दरवर्षी कोणीतरी निवडलेलं असतं.

वहिनींनी याहून साधी गोष्ट सांगितली, आणि माझ्या मते त्या दिवशीची सगळ्यात कामाची.

वहिनी : तुमच्याकडे लोक बी कसं धरतात? आधी आलेल्या शेंगा खायच्या. मग पुन्हा आल्या, पुन्हा खायच्या. कंटाळा आला, शेंग जून झाली, की उरलंसुरलं बियाला. बरोबर?

भाऊजी : बरोबर. असंच करतात.

वहिनी : मग लवकर येणाऱ्या वेलाचं बी उरतच नाही. त्याच्या सगळ्या शेंगा पोटात गेल्या. उशिरा येणारा आळशी वेल, त्याच्या शेंगा खायला कोणाला सवड नाही, त्याचं बी धरलं जातं. दहा वर्षांनी म्हणतात, देशी वाल फार उशिरा येतो हो. तुम्हीच उशिराचा केला. मी पहिली शेंग ज्याला धरली त्या वेलाला प्लॉटमधला लाल दोरा बांधते आणि सुनेला सांगून ठेवते, याला हात लावायचा नाही. भाजी बाकीच्यांची.

एक बारकावा इथे राहू नये. एकाच वेलाची पहिली शेंग आणि शेवटची शेंग वंशाने वेगळी नसते. म्हणजे पहिल्याच शेंगा बियाला ठेवल्या म्हणून वाल लवकरचा होत नाही. लवकर येणारा वेल राखला म्हणून होतो. शेवटच्या शेंगांचा दाणा बारीक किंवा डागी निघू शकतो, ते वेगळं.

भाऊजी : ठीक आहे. लवकरचा वेल तुम्ही राखला. आणि उशिराच्या वेलाचं काय? आईचा वाल फाल्गुनापर्यंत शेंग द्यायचा. त्या दिवसांत घरात दुसरी भाजी नसायची. तुम्हाला आता बाजार जवळ, विहिरीला मोटर, म्हणून तुम्हाला लवकरचा हवा. पुढच्याला काय हवं असेल ते तुम्ही आज ठरवून टाकलंत.

वहिनी : फाल्गुनात पाणी कुठे आहे आता?

भाऊजी : म्हणूनच! कमी पाण्यावर जगणारा वंश त्या उशिराच्या घोळक्यात नसेल कशावरून?

वहिनींना उत्तर सुचलं नाही. मला वाटतं, या एका मुद्द्यावर भाऊजी बरोबर होते, आणि ते त्यांनी आईच्या आठवणीने नव्हे तर विज्ञानाच्या मास्तरने बोलावं तसं बोलून दाखवलं. निवड करणारा जे टाकून देतो त्याची नोंद कुठेच राहत नाही. आपल्याकडे त्यासाठी सरकारी व्यवस्था आहे. राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्युरोची दिल्लीत जनुकपेढी आहे, तिथे बी उणे 18 अंशांच्या आसपास ठेवतात, आणि त्याच संस्थेचं एक केंद्र आपल्या अकोल्यालाही आहे. पण धुऱ्याधुऱ्यावरचा वाल तिथे पोहोचत नाही.

भाऊजी : राहीबाई पोपेरे काय करतात मग? नगर जिल्ह्यात, अकोले तालुक्यात, कोंभाळण्याला. वालाचेच कितीतरी प्रकार जमवले त्यांनी. 2020 ची पद्मश्री. शाळेत गेल्या नाहीत, पण बियाण्याची बँक उभी केली. तसं प्रत्येक घराने करावं.

वहिनी : राहीबाईंना माझा नमस्कार आहे. पण त्यांच्या मागे गावोगावच्या बायका आहेत, बाएफसारखी संस्था आहे, आणि तिथलं बी लोक नेऊन पेरतात. तुम्ही कपाटात ठेवता. तुमच्या त्या पुड्या किती वर्षांच्या आहेत?

भाऊजी : आहेत काही जुन्या.

वहिनी : पेरल्या?

भाऊजी : जागा कुठे आहे गच्चीवर.

वहिनी : मग वाल जपलात का भुंगे?

भुंग्यांचा विषय निघाल्यावर मात्र दोघांचा वाद बाजूला पडला, कारण भाऊजींच्या पुड्यांत खरोखरच भुंगा झाला होता. कडधान्याच्या भुंग्याबद्दल शहरात एक गैरसमज आहे की तो डब्यात शिरतो. बरेचदा तो शेतातूनच येतो. शेंग वेलावर वाळत असताना मादी अंडी घालते, अळी दाण्यात शिरते, आणि आपण स्वच्छ दिसणारं बी बरणीत भरून झाकण घट्ट लावतो. दोन महिन्यांनी दाण्याला गोल भोकं. दाण्यावर पांढरा ठिपका चिकटलेला दिसला तर ते अंडं समजावं. वालाच्या दाण्याला मुळातच डोळ्यापाशी पांढरी रेघ असते, ती वेगळी.

वहिनींची रीत अशी. शेंग वेलावर तपकिरी होऊन हलवली की वाजेपर्यंत ठेवायची, पण पाऊस किंवा धुकं धरलं तर तोडून छपराखाली वाळवायची. दाणे सोलून सावलीत, मग सकाळच्या कोवळ्या उन्हात. दाताखाली दाबला तर दबता कामा नये, कट्कन तुटला पाहिजे. प्लॉटचं बी कंपनी यंत्रावर ओलावा मोजून घेते. घरी दात पुरतात. मग चाळलेली राख दाण्यांत कालवून गाडग्यात. सासूबाईही तेच करायच्या. खायच्या वालाला राख नको असेल तर किलोला लहान चमचाभर गोडं तेल चोळतात.

भाऊजी : राखेपेक्षा माझा फ्रीजर बरा. आठवडाभर ठेवलं की अंडं, अळी सगळं मरतं.

वहिनी : आणि बी?

भाऊजी : बी नीट वाळलेलं असेल तर नाही मरत. ओलं असेल तर मरेल. आणि बाहेर काढल्यावर बरणी लगेच उघडायची नाही. थंड दाण्यावर दव धरतं. बरणी खोलीएवढी कोमट झाली की मगच झाकण काढायचं.

वहिनी : हे चांगलं सांगितलंत. शेजारच्या घरी फ्रीज आहे मोठा, पुढच्या वर्षी ठेवून बघते.

पहिल्यांदाच भाऊजींचं काही त्यांनी बिनशर्त घेतलं. भाऊजी खुलले आणि लगेच पुढचं शिकवायला लागले: उगवणक्षमता. त्यात वहिनींना शिकवण्यासारखं काही नव्हतं. 2020 च्या खरिपात राज्यभर सोयाबीन उगवलं नाही म्हणून ओरड झाली, त्यानंतर कृषी खात्याने घरचं सोयाबीन बियाला ठेवा आणि पेरण्याआधी तपासा म्हणून गावोगाव मोहीम चालवली. ओल्या गोणपाटात 100 दाणे ओळीने मांडायचे, गुंडाळी करून सावलीत ठेवायची, आठवड्याने मोड मोजायचे. बुलढाणा हा सोयाबीनचा जिल्हा. इथल्या घराघरांत ते गोणपाट झालं आहे. वालाला 100 दाणे कोण वाया घालवणार, म्हणून वहिनी वीसच घेतात. पंधरा उगवले तर पेरायचं, कमी उगवले तर दाट पेरायचं.

भाऊजी : आता शेवटचं. ही दोन रंगांची फुलं शेजारी शेजारी. कुंपणाच्या त्या टोकाला पांढरी, इकडे जांभळी. यांची सरमिसळ होत नाही?

वहिनी : क्वचित होते. मोठा काळा भुंगा असतो ना, लाकूड पोखरणारा, तो फुलावर बसला की होडी उघडते.

भाऊजी : मग शुद्धता कशी कळते?

वहिनी : पांढऱ्याचं बी पेरलं आणि त्यात एखाद्याला जांभळं फूल आलं की समजायचं, भुंग्याने क्रॉसिंग केलं. बहुधा फुलाची वाटही बघावी लागत नाही, रोपाचा देठच जांभळट निघतो. काढून टाकायचं.

भाऊजी : आणि जांभळ्यात पांढऱ्याचं मिसळलं तर?

वहिनी : ते त्या वर्षी नाही दिसत. पुढच्याच्या पुढच्या वर्षी एखादं पांढरं फुटतं.

भाऊजींनी माझ्याकडे बघितलं. प्रबळ आणि अप्रबळ गुण, पहिली पिढी, दुसरी पिढी, हे सगळं त्यांनी फळ्यावर कितीदा काढलं असेल. मेंडेलने वाटाण्यानंतर घेवड्याच्या फुलांच्या रंगावरही प्रयोग केले होते. वहिनींनी मेंडेल ऐकलेला नाही. पण म्हणून त्यांचं ज्ञान ‘पारंपरिक’ आहे असं म्हणण्याचा मोह मी टाळतो. त्यातलं बरंचसं त्या सीड प्लॉटवर शिकल्या आहेत, कंपनीच्या माणसांकडून, मजुरीने. सासूबाईंची राख आणि कंपनीचा लाल दोरा एकाच कुंपणावर नांदत होते.

भाऊजी : तुम्ही हे बी विकत का नाही? पुड्या करा, मी बुलढाण्यात खपवतो. कायद्याने हक्क आहे तुमचा. 2001 चा पीकवाण संरक्षण आणि शेतकरी हक्क कायदा. शेतकऱ्याने आपलं बी ठेवावं, पेरावं, वाटावं, अदलाबदल करावी, विकावंसुद्धा. संरक्षित वाणाचं बी ब्रँडचं नाव लावून विकायचं नाही, एवढीच अट. शिवाय शेतकऱ्यांच्या वाणाची नोंदही करता येते.

वहिनी : विकलं की मागणारा विचारणार, सगळे वेल सारखे येतील ना? मग मला पुन्हा वेगळं दिसेल ते उपटत बसावं लागेल. तेच तर तुम्हाला नको होतं.

भाऊजी : हं.

वहिनी : तुम्हाला द्यायचं म्हणून काढून ठेवलंय. लाल दोऱ्याचं.

भाऊजी : मला लाल दोऱ्याचं नको. प्रत्येक वेलाच्या चार-चार शेंगा द्या. लवकरच्या, उशिराच्या, दोर असलेल्या, सगळ्या. पुडीवर नंबर घालतो. यंदा श्रावणात लावतो, गच्चीवर नाही, शाळेच्या मागे जागा आहे तिथे. आणि त्यातलं अर्धं बी तुमच्याकडे परत आणतो.

वहिनी : तोडा की. वाळलेल्या तेवढ्या तोडा.

भाऊजी पिशवी घेऊन कुंपणाला भिडले. पहिल्या चार शेंगा तोडल्या, पुडीवर ‘1’ लिहिलं. दुसऱ्या चार तोडताना थांबले. तारेवर सगळे वेल एकमेकांत असे गुंतले होते की कोणती शेंग कोणत्या मुळाची, हे वरून सांगता येत नव्हतं. एक फांदी धरून ते मागे मागे गेले, ती तिसऱ्याच खांबाशी निघाली.

भाऊजी : वहिनी, यातला वेल कोणता कुठला, कसं ओळखायचं?

वहिनी : म्हणून दोरा शेंगेला नाही, बुडाला बांधायचा असतो. आणि तिथून फांदी वर जाते तशी खूण करत जायची, वेल हातभर असतानाच.

भाऊजी : हे आधी नाही का सांगायचं?

वहिनी : तुम्ही कायदा सांगत होता.